विद्यार्थ्याचें बिऱ्हाड

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपलें लक्ष त्यांच्या पदव्यांकडे, ग्रंथांकडे आणि सभा-परिषदांकडे जातें. ते विद्यार्थी असतांना कोठें राहिले, काय जेवले, महिनाअखेर खर्चाची तोंडमिळवणी कशी करीत, हे प्रश्न क्षुल्लक म्हणून आपण बाजूस सारतों. पस्तीस वर्षें शाळेंत इतिहास शिकवितांना मला असें दिसून आलें कीं, मुलें नेमके हेच प्रश्न विचारतात. "गुरुजी, त्यांना तिकडे खोली कोणीं दिली?" असें अक्कलकुव्याकडील एका मुलानें मला भर वर्गांत विचारलें होतें. प्रश्न साधा खरा. पण त्याचें उत्तर शोधूं गेलें तर विसाव्या शतकांतील एका फार मोठ्या विद्यार्थ्याची हकीकत सांगावी लागते. त्या विद्यार्थ्याचें नांव भीमराव रामजी आंबेडकर.

ही हकीकत बडोद्याशीं निगडित आहे, आणि बडोदें आम्हां नंदुरबारकरांस दूरचें नाहीं. नंदुरबारहून सुरतेकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें कीं नवापूरचें स्टेशन लागतें. हें स्टेशन अर्धें महाराष्ट्रांत व अर्धें गुजरातेंत आहे. त्यापुढील सोनगड आणि व्यारा हे तालुके पूर्वीं बडोदें संस्थानांत मोडत. संस्थानचे अधिपति सयाजीराव गायकवाड हे मूळचे मालेगांव तालुक्यांतील कवळाणें गांवचे, शेतकऱ्याच्या घरचे. १८७५ सालीं दत्तक जाऊन ते गादीवर आले. सोनगड येथें आदिवासी मुलांसाठीं वसतिगृहासह शाळा त्यांनीं एकोणिसाव्या शतकांतच काढली होती. डोंगरांतील मुलास शिकवावयाचें तर केवळ शाळा पुरत नाहीं, त्याच्या राहण्याजेवण्याची सोय लागते, हें या राजानें लौकर ओळखलें होतें. त्याच राजानें भीमरावांस परदेशीं पाठविलें.

भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. ते बडोद्याच्या नोकरींत रुजू होतात न होतात तोंच, १९१३ च्या फेब्रुवारींत त्यांचे वडील रामजी सुभेदार वारले. पुढें संस्थानानें परदेशीं शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति देऊं केली आणि ४ जून १९१३ रोजीं करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें, आणि परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची चाकरी, अशा त्यांतील मुख्य अटी होत्या. त्या काळच्या हुंडणावळीप्रमाणें साडेअकरा पौंड म्हणजे सुमारे एकशें बहात्तर रुपये किंवा छप्पन डॉलर. मुंबईंत ही रक्कम मोठी दिसे. न्यूयॉर्कमध्यें ती जपूनच खर्चावी लागे. शिवाय तींतूनच घरीं पैसे पाठवावयाचे होते. घरीं पत्नी रमाबाई आणि लहानगा यशवंत हीं होतीं.

आतां, परदेशीं शिकावयास जाणारे भीमराव हे कांहीं पहिले महाराष्ट्रीय नव्हत. त्यांच्या तीस वर्षें आधीं कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या होत्या. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्यांनीं कलकत्त्याहून प्रस्थान ठेवलें, ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कला उतरल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. त्यांच्यापुढचे प्रश्न थंडीचे, वस्त्रांचे आणि अन्नाचे होते. नऊवारी लुगड्यानें पाय उघडे पडत, म्हणून त्या गुजराती धर्तीवर साडी नेसूं लागल्या. शाकाहार सोडावयाचा नाहीं हा निश्चय होता. त्यामुळें पोटभर असें जेवण कठीण झालें. शेगडीच्या धुरानें आणि गारठ्यानें प्रकृति ढासळली. स्वदेशीं परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, त्या पुण्यास क्षयानें वारल्या. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथील भाषणांत आनंदीबाईंनीं, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें जाहीर केलें होतें. तें त्यांना जाहीर करावें लागलें, कारण समुद्र ओलांडून जाणाऱ्या उच्चवर्णीयास जातीबाहेर पडण्याचें भय असे. तिकडे कोणाच्या हातचें खाल्लें, कोणत्या पंक्तीस बसलां, याची येथें चौकशी होई आणि परत आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. म्हणजे त्या विद्यार्थ्यांची चिंता अशी कीं, परदेशीं आपली जात जाईल. भीमरावांची गोष्ट याच्या बरोबर उलट होती. त्यांची जात बोटीवर चढतांच सुटली. ती त्यांची वाट पाहत स्वदेशाच्या किनाऱ्यावर उभी राहिली होती.

१९१३ च्या जुलै महिन्यांत ते न्यूयॉर्क येथें पोंचले व कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. प्रथम ते हार्टले हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहांत उतरले. तेथील जेवण त्यांच्या घशाखालीं उतरेना. पदार्थ नीट शिजविलेले नसत व त्यांत गोमांस असे. एका आठवड्यांतच त्यांनीं ती जागा सोडली आणि जेथें कांहीं हिंदी विद्यार्थी राहत होते त्या कॉस्मोपॉलिटन क्लबांत बिऱ्हाड केलें. पुढें लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहांत नवल भथेना नांवाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले. हा स्नेह जन्मभर टिकला. एका वर्षाच्या आंत तीन बिऱ्हाडें बदलणारा विद्यार्थी आपल्याला अस्थिर वाटेल. परंतु परगांवीं मूल शिकावयास ठेवलेल्या कोणत्याही घरास हा क्रम ओळखीचा वाटेल. पहिली जागा नेमून दिलेली असते, दुसरी गांववाल्यांच्या आधारानें मिळते, आणि तिसरी माणूस आपल्या मित्रासह स्वतः निवडतो. तिसऱ्या जागेंत गेला म्हणजे तो तेथें रुळला असें समजावें.

भोजनाचा प्रश्न त्यांनीं काटकसरीनें सोडविला. एक पेला कॉफी, दोन मफिन म्हणजे गोडसर पाव, आणि मांसाचा किंवा माशाचा एखादा पदार्थ, असा त्यांचा आहार असे, असें चरित्रकारांनीं नोंदलें आहे. नाटक-तमाशे, खाणावळी व कपडेलत्ते यांवरचा खर्च ते टाळीत. एका बाबतींत मात्र हात आंखडता घेतला नाहीं, ती म्हणजे पुस्तकें. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडून त्यांनीं सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. जेवणांत वांचविलेले पैसे ग्रंथांत घालावयाचे, हा हिशेब कांहींना वेडेपणाचा वाटेल. पण ज्याच्या समाजाला पुस्तकाला हात लावण्याचीच पिढ्यान्‌पिढ्या मनाई होती, त्याच्या दृष्टीनें ही संपत्ति साठविणें होतें.

अभ्यासाचा सपाटा तर थक्क करणारा होता. अर्थशास्त्रांत २९, इतिहासांत ११, समाजशास्त्रांत ६, तत्त्वज्ञानांत ५, मानववंशशास्त्रांत ४ आणि राज्यशास्त्रांत ३, असे अभ्यासक्रम त्यांनीं पुरे केले. सेलिग्मन, जॉन ड्यूई, रॉबिन्सन, शॉटवेल यांसारखे नामांकित अध्यापक त्यांस लाभले. १९१५ सालीं ते एम. ए. झाले, आणि ९ मे १९१६ रोजीं गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गांत त्यांनीं हिंदुस्थानांतील जातिसंस्थेवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच सुमारास लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्यें होते. त्यांनीं या तरुणास आपल्या राजकीय कार्यांत ओढण्याचा यत्न केला. महाराजांस दिलेल्या वचनाप्रमाणें आधीं शिक्षण पुरें करावयाचें, असें सांगून भीमरावांनीं तें नाकारलें. पहिल्याच वर्षीं वडिलांच्या एका स्नेह्यास धाडलेल्या पत्रांत मात्र त्यांनीं आपल्या समाजाविषयींची तळमळ ओतली. मुलांच्या बरोबरीनें मुलींनाही शिकविलें तरच आपली प्रगति झपाट्यानें होईल, असें त्यांनीं त्यांत लिहिलें होतें.

येथें आपण क्षणभर थांबलें पाहिजे. भीमराव तेथें रुळले, याचा अर्थ काय? साताऱ्याच्या शाळेंत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळें बसावें लागे. तहान लागली तर शिपाई येऊन वरून पाणी ओतीपर्यंत वाट पाहावी लागे. शिपाई नसेल त्या दिवशीं पाणी नाहीं. अशा मुलानें न्यूयॉर्कमध्यें इतरांबरोबर एका मेजावर बसून कॉफी घेतली. ग्रंथालयांत हवें तें पुस्तक मागितलें. एका खोलींत दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा सोबती त्याच्या शेजारीं निर्धास्त झोंपला. अमेरिकेंत सर्व कांहीं न्यायाचें होतें असें कोणीं समजूं नये. त्याच देशांत निग्रो म्हणविल्या जाणाऱ्या लोकांच्या वाट्यास काय येत होतें, हें इतिहासास ठाऊक आहे. पण विद्यापीठाच्या आवारांत या एका विद्यार्थ्यास माणसासारखें वागविलें गेलें, एवढें खरें. पुढें १९३० सालीं त्यांनीं लिहिलें कीं, आपल्या आयुष्यांतील उत्तमोत्तम मित्र म्हणजे कोलंबियांतील कांहीं सहाध्यायी आणि तेथील थोर अध्यापक.

१९१६ च्या जूनमध्यें ते लंडनला गेले. तेथें अर्थशास्त्राच्या विद्यालयांत आणि बॅरिस्टरीसाठीं ग्रेज इन या संस्थेंत त्यांनीं नांव घातलें. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली व संस्थानानें त्यांस परत बोलाविलें. चार वर्षांच्या आंत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी घेऊन, १९१७ च्या ऑगस्टांत ते मुंबईस परतले. महायुद्ध चालू होतें. त्यांचें सामान दुसऱ्या जहाजानें येत होतें. तें जहाज शत्रूच्या टॉर्पेडोनें बुडालें आणि त्याबरोबर कितीतरी ग्रंथही समुद्राच्या तळाशीं गेले. त्या सामानाची जी भरपाई मिळाली, तींतूनच बडोद्यास जाण्याचा खर्च निघाला.

बडोद्यास काय घडलें, याची हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. परदेशांतील वास्तव्यानें आपण अस्पृश्य आहोंत ही जाणीवच आपल्या मनांतून पुसून गेली होती, असें ते म्हणतात. बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर ती एकदम जागी झाली. कारण पहिलाच प्रश्न उभा राहिला कीं, जावयाचें कोठें? हिंदूंच्या उपाहारगृहांत त्यांना कोणी घेणार नव्हतें. खोटी जात सांगणें शक्य होतें. पण उघडकीस आलें तर धडगत नव्हती. शेवटीं एका पारशी विश्रामगृहांत ते गेले. तें केवळ पारशांसाठीं होतें. तेथील रखवालदारास उत्पन्नाची गरज होती, म्हणून वहींत एक पारशी नांव लिहावयाचें ठरलें आणि रोजच्या दीड रुपयांत खोली व जेवण मिळालें.

त्या विश्रामगृहांत दुसरा कोणीही पाहुणा नव्हता. वरच्या मजल्यावर मोडकें सामान भरलेलें दालन, शेजारीं एक लहानशी खोली, आणि रात्रीं उजेडाला एक कंदील. दिवसभर कचेरींत काम करून हा कोलंबियाचा पदवीधर रात्रीं त्या अंधारांत पुस्तक घेऊन बसे. कचेरींतही निराळें नव्हतें. तेथें पिण्याचें पाणी मिळेना, आणि पट्टेवाले विटाळाच्या भयानें कागदपत्र मेजावर दुरून फेंकीत, असें चरित्रकार सांगतात. अकराव्या दिवशीं सकाळीं ते कामावर निघाले असतां, हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. तूं कोण, आमची जागा विटाळलीस कां, असा भडिमार सुरू झाला. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन ते गेले. भीमरावांनीं दोन ओळखीच्या गृहस्थांकडे आसरा मागितला. त्यांपैकीं एक हिंदु होता, एक ख्रिस्ती. दोघांनींही आपापल्या घरची अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्रीं नऊची होती. तोंवरचा वेळ त्यांनीं कामाठी बागेंत बसून काढला. ती बाग आज सयाजी बाग या नांवानें ओळखली जाते.

श्रोतेहो, या प्रसंगाचा राग येणें सोपें आहे. तो नीट समजून घेणें अधिक अगत्याचें आहे. पहिली गोष्ट अशी कीं, येथें राजाचा दोष शोधतां येत नाहीं. सयाजीरावांएवढा उदार आणि पुरोगामी राजा त्या काळीं दुर्मिळच होता. त्यांच्या खजिन्यांतून हजारों मैलांवरच्या न्यूयॉर्कला पैसे पोंचले व त्यांतून तेथें खोली मिळाली. पण स्वतःच्या राजधानींत त्यांच्याच अधिकाऱ्यास एक खोली मिळूं शकली नाहीं. कारण शिष्यवृत्ति सरकार देऊं शकतें, आणि घराचें दार घरवाल्याच्याच हातीं असतें. दुसरी गोष्ट अशी कीं, हा एका विशिष्ट समाजाचा दोष म्हणूनही सोडून देतां येत नाहीं. काठ्या घेऊन आलेले पारशी होते, तसा न्यूयॉर्कमध्यें एका खोलींत राहणारा आणि पुढें कर्जाऊ रक्कम देऊन लंडनला पाठविणारा भथेनाही पारशीच होता. हिंदूच्या घरीं आसरा मिळाला नाहीं आणि समता मानणाऱ्या धर्माच्या गृहस्थाकडेही मिळाला नाहीं. विटाळाची कल्पना ही हवेसारखी सर्वांच्या श्वासांत गेलेली होती. तिसरी गोष्ट मला शिक्षक म्हणून सर्वांत महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्यानें नव्या ठिकाणीं जुळवून घेतलें पाहिजे, असा उपदेश आपण नेहमीं करतों. भीमरावांनीं न्यूयॉर्कला जुळवून घेतलें. अन्न बदललें, जागा बदलल्या, खर्च आंवळला. बडोद्यासही त्यांनीं जुळवून घेण्याची पराकाष्ठा केली. अंधार सोसला, परकें नांवसुद्धां धारण केलें. एका ठिकाणीं यश आलें, दुसऱ्या ठिकाणीं आलें नाहीं. माणूस तोच होता. तेव्हां फरक कोठें होता, हें निराळें सांगावयास नको.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. १९१८ च्या नोव्हेंबरांत भीमराव मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक झाले. पगारांतून पैसे साठवून, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचें साहाय्य आणि भथेनांकडून पांच हजार रुपयांचें कर्ज घेऊन, १९२० च्या जुलैमध्यें ते पुन्हां लंडनला निघाले. या वेळीं शिष्यवृत्ति नव्हती, म्हणून बिऱ्हाड अधिकच गरिबीचें होतें. घरमालकीण कडक शिस्तीची व हात राखून वाढणारी होती. सकाळीं पावाचा तुकडा, थोडा मासा, जरासा मुरंबा आणि पेलाभर बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचें कढण. मग दिवसभर ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयांत वाचन. रात्रीं दहाच्या सुमारास भूक अनावर झाली म्हणजे एका ओळखीच्या हिंदी गृहस्थानें दिलेले पापड भाजून चहाबरोबर खावयाचे आणि पुन्हां पहांटेपर्यंत वाचावयाचें. खोलींतील सोबत्यानें प्रकृतीस जपण्याचा सल्ला दिला, तर त्यांचें उत्तर असे कीं, आपल्यापाशीं अन्नाला पैसा नाहीं आणि झोंपेला वेळ नाहीं. याच बिऱ्हाडांतून १९२१ सालीं एम. एस्‌सी., पुढें बॅरिस्टरी आणि १९२३ सालीं डी. एस्‌सी. अशा पदव्या निघाल्या. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ याच अभ्यासाचें फळ. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचें दहा क्रमांकाचें घर, जेथें ते १९२१–२२ सालीं राहिले, तें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेऊन तेथें स्मारक केलें आहे. मला वाटतें, एका भाडेकरू विद्यार्थ्याच्या खोलीस याहून मोठा मान मिळूं शकत नाहीं.

पुढें भीमरावांचे बाबासाहेब झाले. १९३७ सालच्या ३१ जुलै रोजीं ते आमच्या भागांत, धुळ्यास आले होते. लळिंगच्या कुरणांतील लांडोर बंगल्याशीं ती आठवण जोडलेली आहे, आणि दर वर्षीं त्या दिवशीं लोक तेथें जमतात. तेव्हां नंदुरबार हा पश्चिम खानदेशांतील एक तालुका होता. नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं झाला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें या जिल्ह्यांत शेंकडा ६९ हून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. येथील मुलाचा परदेश फार लौकर सुरू होतो. धडगांव किंवा मोलगीच्या डोंगरांतील मूल सहाव्या-सातव्या वर्षीं आईचें बोट सोडून आश्रमशाळेंत येतें. घरीं भिलोरी किंवा पावरी बोलणारें तें मूल शाळेंत मराठी ऐकतें. नंदुरबारला कॉलेजांत येतें, तेथून पुण्यामुंबईस जातें. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची, आणि अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीं आदिवासी विकास विभागाची, अशा परदेशीं शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आज महाराष्ट्र सरकार देतें. सयाजीरावांनीं जें एका राजाच्या मर्जीनें केलें, तें आतां कायद्याच्या राज्यांत हक्कानें मागतां येतें. ही प्रगति लहान नाहीं.

परंतु दाराचा प्रश्न शिल्लक आहे. डोंगरांतून शहरांत आलेला विद्यार्थी खोली शोधीत फिरतो तेव्हां भाडें ठरण्यापूर्वीं त्याचें आडनांव विचारलें जातें. पाडवी, वसावे, वळवी हीं आडनांवें ऐकल्यावर खोली "आतांच दुसऱ्यास दिली" असें उत्तर मिळाल्याचें माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनीं मला सांगितलें आहे. काठ्या घेऊन आतां कोणी येत नाहीं. आवाज गोड असतो आणि दार तितकेंच बंद असतें. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. ती घटना सिद्ध करणाऱ्या मसुदा समितीचा अध्यक्ष म्हणजे कामाठी बागेंत गाडीची वाट पाहत बसलेला तोच तरुण, ही गोष्ट दार लावण्यापूर्वीं प्रत्येकानें आठवावी.

हें भाषण ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांची शहरांत स्वतःचीं घरें असतील, आणि पुष्कळांचीं मुलें परदेशीं शिकत असतील. तेथें त्यांस खोली मिळाली कीं नाहीं, शेजारी कसे आहेत, जेवणाचें काय, याची काळजी आपण रोज वाहतां. ती रास्तच आहे. आपल्या मुलास परक्या देशांत जें सौजन्य मिळावें असें आपणांस वाटतें, तेंच आपल्या माडीवरची खोली मागावयास येणाऱ्या मुलास द्यावें. त्यास नांव विचारावें, गांव विचारावें, काय शिकतोस तें विचारावें, भाडें सांगावें आणि किल्ली हातीं द्यावी. पहिल्या दिवशीं माठ कोठें आहे तेंही दाखवावें.